शिलाई मशीन न घेतलेली बाई

शेळीपालन, म्हैसपालन, शिलाई मशीन, पापड-लोणचं आणि किराणा दुकान. बाईला करता येण्यासारखे धंदे एवढे पाचच आहेत, असं आमच्या कर्जाच्या फॉर्मवर छापलेलं होतं. प्रत्येक धंद्यापुढे एक चौकोन होता आणि त्यातल्या एकाच चौकोनात खूण करायची होती. सहावा चौकोन नव्हता. ‘इतर’ असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. हा फॉर्म पिशवीत घालून मी कळमनुरी तालुक्यातल्या सतरा गावांत आणि तांड्यांवर पाच वर्षं फिरले. त्यातली पहिली दोन वर्षं मला त्या फॉर्ममध्ये काही वावगं दिसलं नाही. याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो.

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. नवी कार्यालयं भाड्याच्या खोल्यांत सुरू झाली होती, दारावरच्या पाट्यांना अजून रंगाचा वास येत होता. बचत गटांच्या कामासाठी बारावी झालेल्या, खेड्यापाड्यांत फिरायची तयारी असलेल्या मुली हव्या आहेत, असं कुणीतरी माझ्या वडिलांना सांगितलं. काम एका संस्थेचं, पदाचं नाव सहयोगिनी. पगार नव्हता, मानधन होतं, आणि त्यातलं निम्मं जीपच्या भाड्यातच जायचं. तरी मी गेले. घरात बसून स्थळांची वाट बघायचा मला कंटाळा आला होता.

हिंगोलीत आठ दिवसांचं प्रशिक्षण झालं. शहरातून एक पाहुण्या बाई आल्या होत्या. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशातली एक बाई बाजारात जमिनीवर फडकं टाकून टोमॅटो विकत बसायची. तिला छोटंसं कर्ज मिळालं. फडक्याच्या जागी टेबल आलं, टेबलाचं दुकान झालं, दुकानाच्या मागे पत्र्याचं घर उभं राहिलं. शेवटच्या चित्रात ती दारात उभी राहून हसत होती. खोलीत आम्ही पंचवीस-तीस मुली होतो. मी तर रडले. कुणाला काही कळू नये म्हणून पदरानं डोळे पुसले. त्यानंतर जिथे जिथे नवा गट काढला तिथे मी ही गोष्ट सांगितली. सांगता सांगता मी तिला दोन लेकरं दिली, एक आजारी सासू दिली. बायकांना गोष्ट आवडायची. मलाही ती सांगायला आवडायचं.

वारंगा फाट्यावर मला रोज जीप बदलावी लागायची. नांदेडच्या रस्त्यानं ट्रक सतत वाहत असत. हॉटेलं, पानपट्ट्या, रसवंत्या, आणि रस्त्याच्या कडेला पंक्चरची दोन दुकानं. एकाला पक्क्या भिंती होत्या आणि आत हवेचं मोठं मशीन होतं. दुसरं म्हणजे चार बल्ल्यांवर टाकलेली ताडपत्री. त्या ताडपत्रीखाली एक लमाणी बाई काम करायची. वय चाळिशीच्या आत-बाहेर. अंगावर तांड्यातल्या जुन्या बायकांसारखा घागरा नव्हता, नऊवारी होती, ती गुडघ्यापर्यंत घट्ट खोचलेली. पायात पुरुषी चपला. ट्रकचं अख्खं चाक ती आडवं पाडायची, लोखंडी टामी घुसवून टायर रिंगवरून उचलायची, ट्यूब बाहेर ओढायची, पाण्यात बुडवून बुडबुडे बघायची. मोठा हातोडा मारताना तिच्या तोंडातून दर घावाला ‘हं’ असा आवाज निघायचा. मी कितीतरी दिवस जीपची वाट बघत तिच्याकडे बघत उभी राहिले होते आणि मनात म्हणत होते, बिचारी, हिला दुसरं काम मिळालं नाही.

ती माझ्याच गटातली निघाली. फाट्यापासून अर्ध्या तासाच्या पायवाटेवर तिचा तांडा होता. तिथे अकरा बायकांचा गट झाला. लमाणी बोलीत आईला याडी म्हणतात. गटातल्या तरण्या पोरी तिला याडी म्हणायच्या, म्हणून मीही म्हणू लागले. ती मला म्याडम म्हणायची.

दुकान मुळात तिच्या नवऱ्याचं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या पक्क्या दुकानात एका ट्रकच्या चाकात हवा भरताना रिंग निसटली आणि त्याच्या उजव्या हाताची दोन्ही हाडं मोडून गेली. हात जुळला, पण वाकडा. मुठीत हातोडा धरवेना. तेव्हापासून काम तिच्याकडे आलं. तो ताडपत्रीखाली बाजेवर बसायचा, गिऱ्हाइकाशी बोलायचा, कुठल्या बाजूनं टामी घालायची ते सांगायचा. ती ऐकायची आणि बऱ्याचदा दुसऱ्याच बाजूनं घालायची.

अडचण हवेची होती. पंक्चर ती काढायची, पण ट्रकच्या चाकात हवा भरायला मशीन नव्हतं. मग दुरुस्त केलेलं चाक रस्त्याच्या कडेनं लोटत शेजारच्या पक्क्या दुकानात न्यायचं. तो दुकानदार हवेचे पैसे तर घ्यायचाच, वर त्याच्या मर्जीप्रमाणे थांबवून ठेवायचा. ड्रायव्हर खोळंबले की शिव्या द्यायचे आणि पुढच्या वेळी सरळ त्याच्याचकडे जायचे. हे सगळं तिनं मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. मी मान हलवली आणि वहीत काहीच लिहिलं नाही, कारण वहीत त्याला रकाना नव्हता.

तांड्याच्या देवळापुढे बैठक होती तेव्हा मी टोमॅटोवाल्या बाईची गोष्ट सांगितली. बायका ऐकत होत्या. गटाची अध्यक्ष एक म्हातारी होती, तिचे डोळे पाणावले. याडी मात्र दोरी वळत खाली मान घालून बसली होती. गोष्ट संपल्यावर तिनं विचारलं, “ती बाई आधीपासून टमाटेच इकत व्हती का?”

“हो. टोमॅटोच विकायची.”

“आन् पैसे घेऊन बी टमाट्याचंच दुकान टाकलं?”

“हो.”

“मंग बरं झालं तिचं,” ती म्हणाली. “तिला कुनी म्हस घे म्हणलं न्हाई.”

बायका हसल्या. मीही हसले. तिनं थट्टा केली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

दोन वर्षं गटानं बचत नीट भरली. एकही बाई चुकली नाही. नियमानं बँकेकडून कर्ज मिळायची वेळ आली. पहिलं कर्ज कुणाला द्यायचं ते गटानं ठरवलं, आणि दहाच्या दहा जणींनी याडीचं नाव घेतलं. तिला नांदेडला एक जुनं, पण चांगलं हवेचं मशीन मिळत होतं. डिझेलचं इंजिन लावलेलं, म्हणजे लाइट गेली तरी चालणारं. आमच्याकडे तेव्हा लाइट असण्यापेक्षा नसायचीच जास्त. तिनं सगळा विचार केला होता. मशीन कुठे ठेवायचं, डिझेल किती लागेल, दिवसाला किती चाकं आली तर हप्ता निघेल, सगळं तोंडपाठ.

आम्ही दोघी कळमनुरीला बँकेत गेलो. मॅनेजर साहेबांनी मला खुर्ची दिली, तिला दिली नाही. ती टेबलाच्या कडेला उभी राहिली. मी उठले नाही.

“काय घ्यायचंय म्हणते ही?” साहेबांनी मला विचारलं.

“हवेचं मशीन,” तिनंच उत्तर दिलं. “ट्रकच्या टायरात हवा भरायचं.”

साहेब आधी माझ्याकडे बघत राहिले. मग मागे वळून त्यांनी कॅशियरला हाक मारली. “अहो, इकडं या जरा. ही बाई ट्रकचे टायर खोलणार म्हणते.”

कॅशियर आला. शिपाईही आला. तिघं तिच्याकडे बघत हसले.

“खोलनार न्हाई,” ती म्हणाली. “खोलते. चार साल झाले.”

“नवरा कुठाय तुझा?”

“दुकानावर हाय.”

“त्याला घेऊन ये मग. त्याच्या नावावर काही होतंय का बघू.”

“गटात मी हाव, साहेब. ते न्हाईत.”

“हे बघ,” साहेब म्हणाले, “म्हैस घे. दूध काढ, फाट्यावर एवढी हॉटेलं आहेत, रतीब घाल. बाईमाणसाला शोभेल असं काहीतरी कर. या पाचांतलं सांग, आजच्या आज सही करतो.”

“म्हशीला चारा कोन टाकीन? मी दिवसभर फाट्यावर राहाते. म्हस घेतली तं हातातलं काम सोडावं लागंन.”

“तेच म्हणतोय मी. सोड.”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. त्यावर कुठल्यातरी खताच्या दुकानाची जाहिरात होती. ही बाई ट्रकचं चाक एकटीनं उचलते, हिनं दोन वर्षांत बचतीचा एक हप्ता चुकवलेला नाही, हिच्यासाठी दहा बायका जामीन आहेत, हे सगळं मला माहीत होतं. एवढं बोलायलाच तर मला मानधन मिळत होतं. मी एक शब्द बोलले नाही. साहेब नाराज झाले तर माझ्या बाकीच्या गटांची कर्जं अडतील असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. मला फक्त त्या खुर्चीवरून उठायचं नव्हतं.

बाहेर पायरीवर आल्यावर मला शहाणपण सुचलं. मी म्हटलं, “याडी, असं करू. फॉर्मवर शिलाई मशीन लिहू. पैसे आले की तुम्ही हवेचं मशीन घ्या. मशीन ते मशीन. कोण बघायला येतंय?”

तिला ते पटलं नाही. “खोटं काहून लिहायचं? मी काय चोरी करून राहिले का?”

“सगळेच लिहितात.”

“सगळे कोन?”

मी सांगितलं. दुसऱ्या गटांतल्या ज्या बायकांच्या नावावर शेळ्या होत्या त्यांतल्या निम्म्यांनी पोरीचं लग्न, दवाखाना, घरावरचे पत्रे यांत पैसे घातले होते, आणि दुसऱ्याच्या शेळ्या दाखवून तपासणी पार पाडली होती. हे मला माहीत होतं, आमच्या संस्थेच्या सरांना माहीत होतं, साहेबांनाही माहीत असणार. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “त्याहिनं तं खर्च केले. मी धंदाच करून राहिले ना. मंग मलाच काहून लपवावं लागते?”

मी शिलाई मशीनच्या चौकोनात खूण केली आणि आत जाऊन तिच्यापुढे फॉर्म धरला. तिला सही शिकवली होती आम्ही, पण तिनं अंगठाच दिला. तिच्या अंगठ्याला शाई लावायची गरज नव्हती, इतकं काळं त्यात मुरलेलं होतं. तरी शिपायानं पॅड पुढे केलं.

पंधरा दिवसांत पैसे आले. शिलाई मशीनला साहेब एका शब्दानंही आडवे आले नाहीत.

हवेचं मशीन नांदेडहून एका ट्रकवर आलं. तो ट्रक तिच्याच गिऱ्हाइकाचा होता, त्यानं भाडं घेतलं नाही. तांड्यातल्या चौघा गड्यांनी ते उतरवलं. इंजिन सुरू झालं आणि टाकीवरचा काटा हळूहळू चढू लागला. तिचा नवरा बाजेवरून उठून जवळ आला आणि वाकड्या हातानं टाकीला टेकून उभा राहिला. ती काट्याकडे बघत होती.

धंदा वाढला, हे मला शपथेवर सांगता येईल. सुरुवातीला परमुलखातले ड्रायव्हर तिला बघून पुढे निघून जायचे. एकदा माझ्यासमोर एका लांबून आलेल्या ड्रायव्हरनं विचारलं, “मिस्त्री कहाँ है?” तिनं हातातली टामी वर करून दाखवली. तो गाडीतून उतरलाच नाही. पण सहा महिन्यांनी लोक तिला शोधत यायला लागले. ती घाई करत नव्हती. टायरच्या आतून हात फिरवून मोडका खिळा शोधून काढायची, तसाच सोडत नव्हती. ताडपत्रीच्या जागी पत्रे आले. धाकटी पोरगी वारंग्याला शाळेत जायला लागली. हप्ता दर महिन्याला पाच तारखेच्या आत. टोमॅटोवाल्या बाईची गोष्ट मी आता सांगायची सोडली होती. मला माझीच मिळाली होती, आणि ती मला कुणाला सांगता येत नव्हती.

वर्ष भरायच्या आत तपासणी आली. बँकेचे साहेब आणि आमच्या संस्थेचे सर एकाच जीपमधून. ते फाट्यावर चहाला थांबले आणि त्यांनी शेजारच्या पक्क्या दुकानदाराला विचारलं, शिलाई मशीन घेतलेली बाई कुठल्या तांड्यावर राहते. तो वर्षभर तिच्या मशीनचा आवाज ऐकून जळत बसलेला होता. त्यानं बोटानं दाखवलं. “शिलाई? ते काय, टायर शिवून राहिली.”

दुसऱ्या दिवशी तांड्यावर बैठक बोलावली. साहेब देवळाच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले. कर्जाचा गैरवापर झालाय, म्हणाले. सरकारची फसवणूक झालीय. उरलेली सगळी रक्कम एका महिन्यात भरा, नाहीतर अकराच्या अकरा जणींचं पुढचं कर्ज बंद. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. दोघी-तिघी याडीकडे रागानं बघू लागल्या. त्यांचा नंबर पुढे होता. एकीला तर लग्नासाठी भांडी भाड्यानं द्यायचा धंदा करायचा होता आणि तिच्या फॉर्मवर मी आधीच पापड-लोणचं लिहून ठेवलेलं होतं.

“तूच सांग,” साहेब याडीला म्हणाले. “खोटं का बोललीस बँकेशी?”

ती उभी राहिली. “मी न्हाई बोलले. मी तुमच्यासमोर बराबर सांगितलं व्हतं, हवेचं मशीन. तुमीच हसले. फारम मला वाचता येत न्हाई. ज्यानं लिहिला त्याला इचारा.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तिनं मला वाचवायला हवं होतं असं त्या क्षणी मला वाटलं, हे मी लपवत नाही. तिनं खरं सांगितल्याचा मला राग आला.

मी म्हटलं, “फॉर्म मी भरला. साहेबांनीच पाचांतलं एक सांगा म्हटलं होतं.”

“मी असं काही म्हणालो नव्हतो,” साहेब म्हणाले. आणि आमचे सर, ज्यांनी मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं की पोरी, चौकोन भरला की काम झालं, ते मान खाली घालून चपलेनं माती उकरत बसले.

तेव्हा अध्यक्ष म्हातारी बोलली. ती बैठकीत कधी फारशी बोलत नसे. तिनं विचारलं, “साहेब, आमची बचत किती हाय तुमच्या बँकेत?”

सरांनी वही बघून आकडा सांगितला.

“आन् हिच्याकडं किती राहिले?”

तोही आकडा सांगितला. तो बचतीच्या निम्मासुद्धा नव्हता.

“मंग त्यातून कापून घ्या,” म्हातारी म्हणाली. “आमी हिच्याकडून घेऊ, आमचे आमी. तुमाला तकलीफ नगं.”

साहेब म्हणाले, असं करता येत नाही. ती रक्कम तारण आहे. म्हणजे आमच्याच बायकांचे पैसे बँकेत पडून होते, त्या पैशांच्या जोरावर बँकेनं त्यांना त्याहून थोडे जास्त पैसे दिले होते, त्यावर व्याज घेत होती, आणि वर बायकांनी फसवलं म्हणून ओरडत होती. हे मला त्या दिवशी ओट्याखाली बसल्या बसल्या पहिल्यांदा नीट कळलं. मी बारावीला अर्थशास्त्र घेतलं होतं. म्हातारीला अक्षरओळख नव्हती.

त्या रात्री घरी मी एक अर्ज लिहिला, आणि त्यात सगळं खरं लिहिलं. शिलाई मशीन कधीच घेतलं नाही, हवेचं मशीन घेतलं, हप्ते सगळे वेळेवर गेले, फॉर्मवरची खूण मी केली. गटाच्या बचतीतून उरलेलं कर्ज वळतं करून घ्यावं. खाली माझी सही. सरांनी तो अर्ज वाचून परत दिला. “नोकरी नको झालीय का?” म्हणाले. मी तो तसाच बँकेत नेऊन दिला.

उत्तरासाठी मी आणि याडी पहिल्यांदा गेलो तेव्हा साहेब मीटिंगला गेले होते. दुसऱ्यांदा म्हणाले, वरून पत्र यावं लागेल. तिसऱ्यांदा अकराच्या अकरा जणी गेल्या. याडीनं त्या दिवशी दुकान बंद ठेवलं, पाच वर्षांत पहिल्यांदा. मंगळवार होता, कळमनुरीचा बाजार. बँकेत पाय ठेवायला जागा नव्हती. बायका काउंटरच्या पुढे जमिनीवर बसल्या. कुणी ओरडलं नाही, घोषणा दिली नाही. बाराच्या सुमारास त्यांनी भाकरीची गाठोडी सोडली आणि जेवायला बसल्या. हळदीचे व्यापारी हातात पैशांच्या पिशव्या घेऊन दारात अडकले. त्यांना पुढे जायचं तर बायकांच्या ताटांवरून जावं लागलं असतं. साहेब बाहेर येऊन म्हणाले, “हे काय लावलंय?” म्हातारी म्हणाली, “जेवून राहिलो, साहेब. बसा.”

दोनच्या आत बचतीतून कर्ज वळतं केल्याचा कागद झाला. वरून पत्र वगैरे काही लागलं नाही. इतके दिवस काय लागत होतं, ते कुणी सांगितलं नाही आणि कुणी माफीही मागितली नाही.

मला कामावरून काढलं नाही. एवढ्या मानधनात सतरा गावं फिरणारी दुसरी कोण मिळणार होती? उलट पुढच्या वर्षी सरांनी मला बोलावून सांगितलं की जिल्ह्याची एक पुस्तिका निघणार आहे, यशस्वी महिलांची. आपल्या तालुक्यातून त्या फाट्यावरच्या बाईचं नाव पाठवू. “ती तर फसवी होती ना?” मी विचारलं. “जुनं काढू नका,” सर म्हणाले. “कर्ज फिटलंय, पत्रे टाकलेत, पोरगी शाळेत आहे. यशोगाथा आहे. तुम्ही लिहा.”

मी लिहिलं. चार पानं लिहिली, बँकेतल्या हसण्यापासून भाकरीपर्यंत.

मग फोटो काढायला जीप आली. जीपच्या मागे शिलाई मशीन होतं. कळमनुरीच्या कुठल्याशा शिंप्याकडून दिवसापुरतं आणलेलं. नोंद शिलाई मशीनची होती ना, फोटो नोंदीला धरूनच हवा. सर मला म्हणाले, “तुमचं ऐकते ती. तुम्ही सांगा.”

मी म्हटलं, “मी नाही सांगणार.” चार वर्षांत सरांना मी पहिल्यांदा नाही म्हटलं.

सरांनी स्वतःच सांगितलं. नवी साडी नेसा, हात धुवा, मशीनपुढे पाच मिनिटं बसा. याडी एका ट्यूबवर कानस घासत होती. तिनं मशीनकडे बघितलं, जीपकडे बघितलं. म्हणाली, “ते खाली उतरवू नका. तुमच्या मागच्या चाकात हवा कमी हाय. गाडी इकडं घ्या, भरून देते.”

सरांना वाटलं ती कबूल झाली. जीप पुढे घेतली. तिनं चारही चाकांत हवा भरली, काटा तपासला, झाकणं घट्ट केली आणि पैशांसाठी हात पुढे केला. सरांनी खिशातून नोट काढली. तिनं सुटे परत दिले आणि पुन्हा ट्यूब घासायला बसली. पुढे कितीही बोलले तरी तिनं वर बघितलं नाही. तिचा नवरा बाजेवरून म्हणाला, “साहेब, ऊन लागंन तुमाला. निघा.”

पुस्तिका मला हिंगोलीच्या एका कार्यालयात टेबलावर पडलेली दिसली. गुळगुळीत कागद. पान उघडलं तर फोटोत दुसरीच बाई होती, शहरातली असावी, केसांत गजरा, पुढे शिलाई मशीन. खाली गोष्ट होती. पतीला अपंगत्व आलेली तांड्यावरची महिला, बँकेच्या मोलाच्या सहकार्यानं शिलाई मशीन घेऊन कशी स्वतःच्या पायावर उभी राहिली. माझ्या चार पानांतला फक्त नवऱ्याचा मोडलेला हात त्यांनी ठेवला होता. मी पुस्तिका घेतली नाही. तशीच जिना उतरून खाली आले, राजीनामा लिहायला कागद नव्हता म्हणून समोरच्या दुकानातून घेतला, आणि त्याच पायऱ्यांवर बसून दोन ओळी लिहिल्या.

कुणी मला विचारतं, त्या छोट्या कर्जानं खरंच गरिबी हटली का? हटली. तिची हटली. गटातल्या आणखी चौघींची हटली, कारण त्या दिवसानंतर त्यांनी बँकेचा नाद सोडला आणि आपल्या बचतीतून एकमेकींना द्यायला सुरुवात केली. एकीनं लग्नाची भांडी घेतली, ती अजून तीन तांड्यांत फिरतात. एकीनं दिराच्या जीपमध्ये निम्मी भागी घेतली. एकीनं हळद शिजवायची कढई घेऊन हंगामात भाड्यानं दिली. माझ्या फॉर्मवर यांतलं काहीच नव्हतं. पैसा कामाचा आहे, याबद्दल मला शंका नाही. ज्यांनी तो देताना तिला उभं ठेवलं, आणि नंतर तिच्या चेहऱ्याच्या जागी दुसरा चेहरा छापला, त्यांचा राग वीस वर्षांत उतरलेला नाही. त्या यादीत मी आहे. मीही बसले होते.

राजीनाम्यानंतर तीनेक वर्षांनी नांदेडला जाताना फाट्यावर उतरले. शेजारचं पक्कं दुकान आता तिचं होतं, गटाच्या पैशांतून घेतलेलं. तिथे एक मोठा ट्रक जॅकवर चढवलेला होता आणि ती त्याच्याखाली होती. तिचा नवरा म्हणाला, “बसा म्याडम, काम चालू हाय.” मी एका जुन्या टायरवर बसले. तिला माझा आवाज ऐकू गेला असणार. तिनं आतूनच विचारलं, “बऱ्या हायत का?” मी म्हटलं, “बरी आहे.” आणखी काही बोलायचं मनात होतं, त्या बँकेतल्या खुर्चीबद्दल. पण हातोडा चालू होता, ड्रायव्हर घाई करत होता. अर्धा तास मी तशीच बसून राहिले. मग नांदेडची जीप आली आणि मी गेले.